'मशीना' फसला नाही, आपण अर्धाच ऐकला

बर्डीवाला:
परवा एक मित्र म्हणाला की स्मॅशिंग पंपकिन्स या अमेरिकन रॉक बँडनं 'मशीना' हा अल्बम काढून स्वतःचाच खड्डा खणला. मले नाही पटलं. 2000 च्या उन्हाळ्यात बर्डीवरून कॅसेट आणली होती, दुपारी कूलर चालू ठेवला तर गिटारच्या मागचं काही ऐकू येत नव्हतं अन् बंद केला तर बसवत नव्हतं, तरी पंधराही गाणी रोज ऐकायचो. गोष्ट अशी की झिरो नावाच्या रॉकस्टारले देवाचा आवाज ऐकू येतो, तो स्वतःचं नाव ग्लास ठेवतो अन् बँडचं मशीन्स ऑफ गॉड. बँडचा गायक बिली कॉर्गन, त्याले हे डबल अल्बममधे सांगायचं होतं, पण आधीचा 1998 चा अल्बम 'अडोर' पाहिजे तेवढा खपला नव्हता म्हणून रेकॉर्ड कंपनी नाही म्हणाली. म्हणजे अर्धी गोष्ट बाजारात आली अन् लोकांनी निकाल पूर्ण गोष्टीचा लावला, हा कोणता न्याय?

गोकुळपेठचा ड्रमर:
दादा, गोष्ट तुटली हे मान्य, पण मी हा अल्बम खूप उशिरा ऐकला, मला गोष्ट माहीतच नव्हती, मग गाण्यांनीच धरून ठेवायला पाहिजे ना? त्यांच्याच आधीच्या 'मेलन कॉली' अल्बममध्ये 28 गाणी आहेत, तिथे उठावंसं वाटत नाही, इथे 73 मिनिटांत दोनदा थांबलो. आणि जिमी चेंबरलिन, 1996 ला बँडमधून काढलेला माणूस 1999 ला परत येतो, एवढा मोठा ड्रमर, आणि हेडफोन लावून ऐका, त्याचा स्नेअर ड्रम गिटारच्या थराखाली दबून गेलाय. हे काही कंपनीनं केलं नाही.

बर्डीवाला:
अरे, तो थर मुद्दाम आहे! देवाची मशीन वाजून राहिली ना तिथे. ती साफसुफ काऊन वाजन?

गोकुळपेठचा ड्रमर:
मुद्दाम केलं म्हणून कानाला बरं लागत नाही दादा.

सदरकर:
दोघंही पुढचं सोडून देताय. मे 2000 मधे कॉर्गननं बँड बंद करणार असं सांगितलं, दुसरा भागही कंपनीनं काढला नाही, तर त्यानं सप्टेंबरमधे त्याच्या फक्त 25 प्रती छापल्या, ओळखीच्यांना आणि फॅन लोकांना दिल्या आणि सांगितलं की इंटरनेटवर फुकट वाटा. आम्ही धरमपेठच्या सायबर कॅफेत एकेक गाणं उतरवायचो, लाईन तुटली की पहिल्यापासून. 2 डिसेंबरला शिकागोच्या मेट्रो नावाच्या क्लबात बँडचा शेवटचा शो झाला तेव्हा आमच्याकडे नऊच गाणी जमली होती. पण बर्डीवाले दादा, दुसरा भाग मिळाल्यावरही गोष्ट मला उलगडली नाही, ती कॉर्गनच्याच डोक्यात राहिली, आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायचं काम त्याचंच होतं. मला तो दुसरा भाग आवडतो तो त्यातल्या कच्च्या, रांगड्या आवाजासाठी.

बर्डीवाला:
ताई, पोचवायचं काम त्याचं हे खरं. पण तोडलेली गोष्ट पोचवणं कठीण असते, एवढं तरी पदरात घाला त्याच्या.

गोकुळपेठचा ड्रमर:
काल रात्री दोन्ही भाग सलग लावले. स्नेअरबद्दल माझं मत तेच आहे. दुसऱ्या भागात ड्रम मोकळे वाजतात, म्हणजे जमत होतं त्यांना, मग पहिल्यात का नाही केलं याचा जास्तच राग आला. पण ते ग्लास आणि घोस्ट चिल्ड्रनवालं जवळपास दहा मिनिटांचं गाणं आहे ना, मधे म्युझिक बाजूला पडतं आणि नुसतं बोलणं येतं, तिथे मी दरवेळी पुढे ढकलायचो. काल नाही ढकललं.