हायलँडर हायब्रिडला हिच: क्लास 2 की क्लास 3?

प्रश्न: कॅलिफोर्निया. टोयोटा हायलँडर हायब्रिड, ओढण्याची मर्यादा 3500 पौंड. कॅम्पिंग ट्रेलर सामानासकट 2600 पौंड, माणसं चार. कोणत्या क्लासची (म्हणजे ताकदीच्या श्रेणीची) हिच, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायची चौकट, घ्यावी?

उत्तर 1: क्लास 3, 2 इंची रिसीव्हरची (रिसीव्हर म्हणजे हिचचं चौकोनी तोंड). त्यात बसणारे बॉल माउंट (ट्रेलर अडकवायचा गोळा, म्हणजे बॉल, बसवायची दांडी), सायकल रॅक सहज मिळतात. पण हिचवर काहीही छापलेलं असो, गाडीची मर्यादा 3500च राहते. बॉलचा आकार ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या पुढच्या वाटीवर) कोरलेला असतो, तोच घ्या. 2 इंची कपलरमध्ये 1⅞ इंची बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उसळून सुटतो.

उत्तर 2: वायरिंग विसरू नका. 4 पिनच्या जोडणीतून ट्रेलरचे फक्त दिवे चालतात. या वजनाला ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक हवेतच. ते इलेक्ट्रिक असतील तर 7 पिन आणि ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं उपकरण) लागेल. सेफ्टी चेन कपलरखालून फुली मारून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी ट्रेलरचा पुढचा दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झेलला जातो.

उत्तर 3: खरी गोम भार भरण्यात आहे. हिचवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 260 ते 390 पौंड यायला हवेत. मागे जास्त भरलं की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. तेव्हा गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने द्या. हिचवरचा भार गाडीच्या पेलोडमधूनच (गाडी स्वतःवर पेलू शकते त्या वजनातूनच) वजा होतो, माणसांच्या वजनासारखाच. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे. आणि हो, कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग 55 मैल.