बडोद्यातली फुकट गॅलरी-फेरी: कोण कोण गेलं होतं? काय पाहिलंत?

मागच्या शनिवारी आपल्या बडोद्यात संध्याकाळी गॅलऱ्या फिरायचा कार्यक्रम झाला. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. साडेतीनला तांबेकर वाड्यापाशी जमायचं, उजेड आहे तोवर तो बघायचा आणि मग पाय चालतील तेवढ्या गॅलऱ्या न्‌ स्टुडिओ.

मी जन्माची रावपुऱ्यातली. शाळा, क्लास, पुढे भाजी, दवाखाना, सगळं त्या वाड्यावरूनच. आत पाऊल टाकलं ते परवा, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी! भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे घर. वर गेल्यावर आधी भिंतच सापडेना, कारण जिकडे बघावं तिकडे चित्रं. महाभारत, कृष्णलीला, आणि मध्येच इंग्रज-मराठ्यांची लढाई. माझ्या शेजारचे एक आजोबा ‘हा आपला, हा त्यांचा’ असे टोप्यांवरून सैनिक ओळखत बसले होते. त्यांना तिथून हलवायला नातवाला दोनदा यावं लागलं.

तुम्ही गेला असाल तर लिहा. कंटाळला असाल तर तेही लिहा. नुसतं ‘मस्त होतं’ लिहून पळू नका.

निवृत्त खातेवही

चाळीस वर्षं हिशेब लिहिले, गॅलरीत कधी गेलो नाही. खरं कारण सांगतो. काचेचं दार, आत एसी, एकच माणूस बसलेला आणि तो आपल्याकडे बघतोय. आत गेलं की काहीतरी विकत घ्यावं लागेल, नाहीतर काहीतरी समजावं लागेल, दोन्हींची धास्ती. परवाही मी बाहेर चपलांपाशीच घुटमळत होतो. एक मुलगी आली, म्हणाली, ‘‘अंदर आवो ने काका, टिकिट नथी.’’ गेलो.

आत एकाशी बोलताना कळलं की चित्रकार भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते! मुंबईहून १९६२ साली बडोद्याला आले, आणि नोकरी सांभाळून चित्रं काढत राहिले. त्यांनी रंगवलं कोणाला, तर न्हाव्याला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला. घड्याळवाल्याचं चित्र १९७२ चं. फोनवर दाखवलं कोणीतरी. वर दुकानाची पाटी, खाली मान घालून काम करणारा माणूस. अरे, ह्याला मी ओळखतो, असं झालं. म्हणजे त्याच माणसाला नव्हे, पण अशा टेबलांसमोर मी किती वेळा उभा राहिलोय. आमच्या ऑफिसातल्या कोणी असं काही केलं असतं तर साहेबांनी आधी व्हाउचर मागितलं असतं.

पुण्याची सून

मी सासूबाईंना घेऊन गेले. एक तक्रार आधी नोंदवते. एका गॅलरीला (नाव नको) दोन जिने आणि लिफ्ट नाही. आईंचे गुडघे बघून मी म्हटलं, राहू दे. त्या म्हणाल्या, तू जा, मी बसते. खाली वॉचमनच्या खुर्चीत अर्धा तास बसल्या. मी वर काय पाहिलं ते आता आठवत नाही, लक्ष सगळं खाली. मोफत ठेवता ना, मग एखादं चित्र खालीही टांगा की.

पण त्यामुळे एक झालं. त्या म्हणाल्या, मला कळणारी चित्रं दाखव. म्हणून रविवारी राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात गेलो, तिथे तिकीट आहे. राजा रविवर्म्याची चित्रं. सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये त्याला चौदा पौराणिक चित्रं करायला सांगितली होती. आमच्या देवघरात लक्ष्मीची जुनी ओलिओग्राफ (तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र) आहे, आईंच्या सासूबाईंच्या वेळची, काच तडकलेली, कडेनं वाळवीनं खाल्लेली. आई चित्रांसमोर उभ्या राहिल्या न्‌ मला म्हणाल्या, ‘‘ह्या सगळ्या आपल्या लक्ष्मीच्या माहेरच्या गं.’’ परत येताना तिच्यासाठी नवी काच बसवायला टाकून आलो.

वाडीवाला

प्रामाणिकपणे कंटाळलो. तिसऱ्या गॅलरीत नुसत्या रेघा होत्या. मित्र म्हणाला, थांब, बघत राहा. दहा मिनिटं बघितल्या. रेघाच होत्या. मग सेव-उसळ खाल्ली, ती झक्कास होती. पुढच्या वेळीही येईन, सेव-उसळीसाठी.

शाईचे हात

वाडीवाले दादा, त्या रेघांवर आपण चहा घेत भांडू. मी फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग, म्हणजे प्लेटवरून छापून चित्रं करायला शिकते. शनिवारी एका स्टुडिओत प्रेस चालवून दाखवायला आम्ही चौघं होतो. लोक येतात, ‘हे पेंटिंग किती दिवसांत होतं’ विचारतात न्‌ जातात, असं वाटलं होतं. नऊ वाजले तरी रांग संपेना!

आम्ही छोट्या झिंकच्या प्लेटा आधीच लेप देऊन ठेवल्या होत्या. सुईनं त्यावर ओरखडे काढायचे, मग ॲसिड. लेप जिथे निघालाय तिथेच ॲसिड धातू खातं. ॲसिड अर्थात आमच्या हातात, पोरांना लांब उभं केलं होतं. मग शाई चोळायची, जाळीच्या कापडानं पुसायची, शेवटी तळव्यानं. वरची शाई जाते, खाचेतली राहते. ओलसर कागद, त्यावर फेल्टचं जाड कापड, आणि प्रेसचं चाक फिरवायचं. कागद सोलून काढताना सगळे गप्प होतात, दर वेळी. मीसुद्धा.

एका पिटुकल्यानं ‘आजी’ लिहिलं होतं. कागदावर उलटं आलं. त्याचा चेहरा! मी सांगितलं की प्लेटवर उलटं लिहिलं तरच सुलटं उमटतं. तर म्हणे, ‘‘मग आधी का नाही सांगितलं?’’ बरोबरच होतं त्याचं. दुसरी प्लेट दिली.

भिंतीवरच्या एका प्रिंटखाली पेन्सिलीनं ३/१० लिहिलेलं होतं. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘ताई, ह्याला दहापैकी तीनच मार्क?’’ दहा प्रतींतली ती तिसरी, हे त्याला पटलं नाही. बाहेर जाताना तो आमच्या सरांकडे फार रागानं बघत होता.

आणि एक. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९५० मध्ये आमच्या कॉलेजात शिकवायला आले, ते मूळचे इंदूरचे. ज्योती भट्टांसारख्या प्रिंटमेकरांचे हात इथेच काळे झाले. रोज त्या फाटकावरून जाणाऱ्यांनो, वर्षअखेरीला आमचं काम लावलेलं असतं. कोणी अडवत नाही. या.

घडियाळी पोळ

ह्या वरच्या पिटुकल्याची आई मीच. सुलटी ‘आजी’ फ्रिजवर लागली आहे. उलटी त्यानं आजीलाच दिली, ती आरशासमोर धरून वाचते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावते.

पण एक विचारायचं होतं. त्याच्या दोन्ही हातांची नखं अजून काळी आहेत. शाळेतून वहीत शेरा आलाय. लिंबू लावलं, डिटर्जंट लावलं, जात नाही. आणि पांढऱ्या शर्टाच्या पोटावर पूर्ण पंजा उमटलाय.

शाईचे हात

काकू, ती शाई तेलातली असते, पाण्यानं हलणार नाही. आधी खोबरेल तेल नीट चोळा, नखांत जुना टूथब्रश फिरवा, मग साबण. शर्टाचं मात्र खरं सांगू? नाही जात. माझे तीन कुर्ते तसेच आहेत.