सम्पच्या खाली पाणी येतंय, रिपेअर होईल का नवीनच बनवू?

घणसोली_ऑस्कर
नमस्कार मंडळी, ४ बाय दीड बाय दीड फुटांचा माशांचा टँक आहे, त्यात दोन मोठे ऑस्कर मासे आणि एक प्लेको मासा, खाली कॅबिनेटमध्ये ३ फुटी काचेचा सम्प, म्हणजे फिल्टरची कप्प्यांची पेटी. कॅबिनेटच्या प्लायवर ओल दिसत होती, मला वाटलं पावसाचा दमटपणा असेल, पण रात्री सम्पच्या कडेला टिश्यू ठेवला तर सकाळी चिंब भिजलेला. मागच्या कोपऱ्यात प्लाय फुगलाय पण. दुकानदार म्हणतो बाहेरून सिलिकॉन मारा, होऊन जाईल. खरंच होतं का असं? आणि सम्प बंद ठेवला तर माशांचं काय, फिल्टर सगळा त्यातच आहे. खालच्या काकूंच्या सीलिंगला ओल जायच्या आत निस्तरायचंय, प्लीज लवकर सांगा.

नेरूळ_सिक्लिड
ताई, बाहेरून अजिबात मारू नका. पाण्याचा दाब आतून बाहेर असतो, बाहेरचा थर तो ढकलून सोडवतो, आज थांबल्यासारखं वाटेल आणि परत सुरू. सिलिकॉन आतूनच लागतं.
पण आधी लीक नक्की कुठे आहे ते बघा. मेन स्विच बंद करूनच हात घाला, ओला प्लाय आणि एक्स्टेंशन बोर्ड शेजारी असतील तर फार धोक्याचं आहे. पंप बंद करून प्रत्येक कप्प्यातल्या पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण करा आणि चार-पाच तास तसंच राहू द्या. ज्या कप्प्याचं पाणी उतरतंय तिथे बघायचं, आणि उतरता उतरता एका उंचीवर थांबलं तर लीक त्याच उंचीला. मधलं पार्टिशन सुटलं असेल तर पाणी फक्त या कप्प्यातून त्या कप्प्यात जातं, बाहेर येत नाही, त्याची चिंता सोडा.

वागळे_इस्टेट
लाईट जाते तेव्हाच पाणी येतंय का तेही बघा. पंप बंद झाला की रिटर्न पाइपमधून (सम्पचं पाणी वर नेणारा पाइप) वरच्या टँकचं पाणी उलटं खाली ओढलं जातं आणि सम्प काठोकाठ भरला असेल तर सांडतं, लोक काच बदलून बसतात आणि लीक नसतंच. पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडलं की पातळी तिथे उतरताच हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोकात शेवाळ साचतं, अधूनमधून साफ करत जा.

नेरूळ_सिक्लिड
हे बरोबर, मी लिहायचं राहिलंच. आता माशांचं. घाण पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या मीडियामध्ये राहतात, त्यामुळे रिंग, बायोबॉल जे असेल ते नळाखाली धुवू नका, क्लोरीनने मरतात. टँकचंच पाणी बादलीत घेऊन मीडिया त्यात बुडवा आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा. वरच्या टँकमध्ये स्पंज फिल्टर लावा, त्यात जुन्या मीडियाची एक पिशवी टाका. खाणं बंद, मोठा ऑस्कर चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, उलट अमोनिया कमी होतो.

घणसोली_ऑस्कर
बघितलं सगळं. लाईट गेल्यावर सांडत नाही. पंपाच्या कप्प्याचं पाणी उतरतंय आणि कुठेच थांबत नाही, म्हणजे तळालाच आहे. टॉर्च मारला तर मागच्या कोपऱ्यात दोन काचांच्या मधलं सिलिकॉन पांढरट झालंय, आत बुडबुडे दिसतायत.

नेरूळ_सिक्लिड
मग नवीन बनवा. आतल्या कडेची पट्टी सुटली असती तर ब्लेडने खरवडून, काच आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून परत भरता आली असती, पण तुमचा जॉइंटच गेलाय, आणि नवं सिलिकॉन जुन्या सुकलेल्या सिलिकॉनला धरत नाही. सगळं उचकटून काचा साफ करण्यापेक्षा काचवाल्याकडून नवीन सम्प सोपा पडतो. ट्यूब स्वतः बघून घ्या, बाथरूमचं अँटी-फंगल सिलिकॉन चालणार नाही, त्यातलं औषध माशांना घातक. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन घ्या.
मला तर वाटतं मूळ दोष प्लायचा आहे. फुगला की सम्प एका कोपऱ्यावर टेकतो आणि जॉइंटवर ताण येतो. त्याच प्लायवर नवा सम्प ठेवलात तर तोही फुटेल. तळाचा प्लाय बदला, सुताराची लेव्हल लावून बघा, वर थर्माकोलची शीट.

घणसोली_ऑस्कर
प्लाय बदलते मग. एक विचारायचं होतं, पावसात सिलिकॉन सुकेल ना? हवा एवढी दमट आहे.

वागळे_इस्टेट
सुकेल, उलट सिलिकॉनला सुकायला हवेतला ओलावाच लागतो. काच मात्र लावताना कोरडी ठणठणीत पाहिजे. जाड थर आतपर्यंत सुकायला वेळ लागतो, आठवडाभर थांबा, वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नका. आणि पहिली टेस्ट कॅबिनेटमध्ये नको, बाल्कनीत सपाट जागेवर थर्माकोल घालून सम्प काठापर्यंत भरा, खाली वर्तमानपत्र पसरा, दोन दिवस तसाच राहू दे.

घणसोली_ऑस्कर
काचवाल्याला माप दिलं आज. मीडिया बादलीत आहे, एअर पंप चालू आहे, स्पंज फिल्टर पण लावला. खूप आभार दोघांचे.