वर्गात मोठ्याने वाचलं तर गोडी लागते

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की अभ्यासक्रमात आलं की पुस्तक मरतं, मुलं फक्त गाइड वाचतात. गाइडचं खरंच आहे, पण माझ्या बाबतीत उलटं झालं म्हणून लिहितोय. मी नागपूरला बीए करतोय, बारावीपर्यंत पेपरपुरतंच वाचायचो. मग वर्गात महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक लागलं आणि आमच्या मॅडमनी नोट्स न देता सरळ पात्रं वाटून दिली, वाचा म्हणाल्या. एलकुंचवार आपल्या विदर्भातले, नाटकही विदर्भातल्याच गावातलं, त्यामुळे ती बोली तोंडात एकदम बसली, माझ्या आजीच्या घरी असंच बोलतात ना बापा! आणि नाटकातला तो अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, हा विकत काहून नाही? त्यावर अख्खा तास गेला. कोणी म्हणे पैसा नाही, कोणी म्हणे घराण्याची इज्जत, मागच्या बाकावरचा कधी न बोलणारा पोरगा त्याच्या गावातल्या वाटण्या सांगायला लागला. घरी जाऊन मी पुढचं सगळं एका रात्रीत वाचलं, परीक्षेत काय येईल हे डोक्यातही नव्हतं.

म्हणून मला वाटतं दोष अभ्यासक्रमाचा कमी, आधी 'आशय स्पष्ट करा' लिहून घ्यायचं आणि पुस्तक नंतर उघडायचं या पद्धतीचा जास्त. आता मी बर्डीला (नागपूरच्या सीताबर्डीत) झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाकडे जाऊन एलकुंचवारांची बाकीची नाटकं शोधणार आहे. त्यांच्या एकांकिका कुठून सुरू कराव्यात, सांगा कोणीतरी.