मदत हवी आहे: वेतनकरारातली वाढ मूळ पगारात किती घालावी?

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याचा वेतनकरार संपतोय. बोलणी दरमहा १२,००० रुपयांच्या वाढीपाशी आली आहेत, अडलंय ते विभागणीत. ६,००० मूळ पगारात घातले की पीएफ १२ टक्क्यांनी ७२० (पूर्ण पगारावर भरतात), ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे २८९. एवढं सगळेच धरतात. मागच्या सेवेचा, म्हणजे आधी झालेल्या नोकरीच्या वर्षांचा, बोजा मात्र खर्चाच्या शीटमधून हमखास सुटतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते (दर वर्षाच्या सेवेला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून), त्यामुळे २० वर्षं झालेल्या एका कामगारामागे ६,००० × १५ ÷ २६ × २० = ६९,२३१ रुपये एकदम चढतात. सगळं भत्त्यांत ढकलावं, तर वेतन संहितेची ५० टक्क्यांची मर्यादा आडवी येते (भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनातच धरतात).

हा मागचा बोजा तुम्ही वाढीच्या पॅकेजमध्ये दाखवता की कंपनीच्या खात्यावर ठेवता? युनियन तो मोजायला तयार होते का?

शिवाय युनियन दोन, एकटीने बोलणी करायला लागणारे ५१ टक्के कामगार कुणाकडेच नाहीत. परस्पर करार सही करणाऱ्यांपुरताच राहतो, म्हणून समेट अधिकाऱ्यासमोरच (सरकारी मध्यस्थ) सह्या करायचा विचार आहे, म्हणजे तो सगळ्यांना लागू होईल. अशा वेळी उत्पादकतेचं कलम कसं लिहिता? ‘कामगार सहकार्य करतील’ एवढंच लिहिलं तर पुढे काहीच मोजता येत नाही. मशीननिहाय नगसंख्या घातलेला मसुदा कुणाकडे असेल तर नावं वगळून इथे टाका.