वादळानंतर तळ्याकाठची झाडं: काय काढायचं, काय राखायचं?

नमस्कार मंडळी,

वादळात आमच्या तळ्याकाठच्या घराचं छप्पर वाचलं, पण झाडांची पार दैना झाली. एक मोठं झाड मुळासकट आडवं झालंय, शेंडा पाण्यात. दोन झाडांच्या फांद्या मोडून लोंबतायत, एक कोवळं झाड कललंय. कंत्राटदार म्हणतो, सगळं तोडतो, बुडखे उपटतो आणि काठाला काँक्रीटची भिंत घालून देतो. घरात यावरून दोन तट पडलेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

काकू, अजून होकार देऊ नका.

आधी वर बघा. विजेची तार झाडावर किंवा जमिनीवर पडली असेल तर तिकडे फिरकू नका, वीज कंपनीला कळवा. काहीही हलवण्याआधी इन्शुरन्ससाठी फोटो काढून ठेवा. आणि आडव्या झाडाला घरच्या कुणी चेनसॉ लावू नये, ही हात जोडून विनंती. खोड कापलं की वजन सुटतं आणि उपटलेल्या मुळांचा मातीसकट गड्डा क्षणात उभा होऊन खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्याजवळ माणूस असेल तर वाचत नाही.

बुडखे राहू द्या. मेलेल्या झाडाची मुळंही काही वर्षं काठाची माती धरून ठेवतात, तेवढ्या काळात नवी झाडं रुजतात. काँक्रीटची भिंत मला मुळीच पटत नाही. लाट तिच्यावर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची माती खरवडते, शेजाऱ्याचा काठही खचू शकतो. त्यापेक्षा पायथ्याशी काथ्याच्या जाड वळकट्या बसवा आणि पानगळीनंतर विलो या पाण्याकाठी वाढणाऱ्या झाडाच्या ताज्या फांद्या ओल्या मातीत खोचा, त्या सहज मूळ धरतात. पाण्यातला शेंडा बोटींच्या वाटेत नसेल तर तसाच असू द्या, माशांची पिल्लं त्यात आसरा घेतात. पाण्यालगत कुठलंही काम करण्याआधी मात्र परवानगी लागते का, ते विचारा.

मोडलेल्या झाडांचं खोड उभं चिरलं नसेल आणि निम्म्याहून जास्त फांद्या शाबूत असतील, तर त्यांना एक हंगाम द्या. लोंबत्या फांद्या आर्बोरिस्टकडून, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाकडून, काढून घ्या. काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेर हवा. कडं शाबूत असलं तरच जखम नीट झाकली जाते. वर डांबर, रंग काहीही फासू नका. हजारो झाडं चिरून पाहणारे अमेरिकन वनखात्यातले अॅलेक्स शिगो यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की झाड कुजका भाग आतून भिंती घालून वेगळा पाडतं. शेंडा छाटून झाड ‘सुरक्षित’ करतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तिथून फुटणारे धुमारे कमजोर असतात, पुढच्या वाऱ्यात तेच आधी मोडतात.

---

वरच्याला जोडून एक. पालापाचोळा तळ्यात लोटू नका. कुजताना त्यातला फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि शेवाळ माजतं.

---

दोघांचेही मनापासून आभार. भिंतीचं काम थांबवलंय. ते कललेलं कोवळं झाड? मनगटाएवढंच खोड आहे.

---

ते नक्की वाचवा काकू, पण उशीर नको. उघडी मुळं ओल्या गोणपाटाने झाका, मुळांखालची माती थोडी काढून झाड हळू उभं करा, मग माती भरून भरपूर पाणी द्या. खत यंदा नको. आधाराला रुंद, मऊ पट्टा थोडा सैल बांधा, खोड वाऱ्याने जरा हलायला हवं. वर्षभराने पट्टा आठवणीने काढा, नाहीतर तो सालीत रुततो.