शेजारच्या हॉटेलातलं हांबागु : जपानमधल्या दुपारच्या जेवणाचे तुमचे अनुभव लिहा

तोक्योतल्या निशिकासाईत राहायला आलो तेव्हा घरापासून चार मिनिटांवर एक जुनं योशोकु हॉटेल होतं. मेइजी काळापासून पाश्चात्त्य पदार्थ जपानात आले आणि इथल्या भाताशी नातं जोडत इथलेच झाले, त्या जेवणाला योशोकु म्हणतात. ओमुराइस (ऑम्लेटमध्ये गुंडाळलेला भात), कोरोक्के (तळलेलं बटाट्याचं कटलेट) आणि सगळ्यांचं लाडकं हांबागु, म्हणजे खिम्याची जाडजूड वडी. नाव हांबुर्ग शहरावरून आलेलं, पण बर्गरसारखा पाव नसतो. बर्गरला इथे 'हांबागा' म्हणतात. शेवटच्या एका अक्षराचा फरक, आणि पहिल्या महिन्यात मी तिथेच अडखळत होते.

काताकाना लिपी नुकती शिकत होते. दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं मला जे पहिलं वाचता आलं ते 'हांबागु रांची', म्हणजे हांबागुचं दुपारचं जेवण. त्या आनंदातच आत शिरले. काउंटरला आठ खुर्च्या, तव्यापाशी आजोबा, वाढायला आजी. ऑर्डर दिल्यावर आजोबांनी खिम्याचा गोळा एका तळव्यावरून दुसऱ्यावर आपटायला सुरुवात केली, पेता, पेता, पेता. आतली हवा निघून जावी, भाजताना वडी फुटू नये म्हणून हे करतात. मग मधोमध अंगठ्यानं खळगा, कारण भाजताना मध्यभाग फुगतो. दोन्ही बाजूंनी खरपूस झाली की झाकण ठेवून वाफेवर शिजवायची. पंधरा मिनिटं तो वास घेत बसायचं. या हॉटेलात वाट बघणं हाही जेवणाचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं.

मग बिडाची तापलेली थाळी येते. वर गडद तपकिरी देमिगुरास सॉस, बाजूला लोण्यात शिजवलेलं गोडसर गाजर, मक्याचे दाणे, बटाटा. भात वाडग्यात नाही, सपाट ताटलीत. काटा टेकवला की आतला रस बाहेर येतो आणि थाळीवर चुरचुरतो. जेवणानंतर कॉफी. सगळं मिळून ९५० येन. निघताना 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हटलं की आजोबा तव्यावरून मान वर करून हसतात. परक्या शहरात मला ओळखणारं ते पहिलं दुकान.

तुमच्या गल्लीतलं असं हॉटेल कोणतं, तिथे काय खाता, सविस्तर लिहा.

*

योकोहामातून लिहितोय. मी गाईचं मांस खात नाही, म्हणून पहिली दोन वर्षं या पदार्थाच्या वाटेलाच गेलो नाही. नव्यांसाठी सांगतो, साध्या हांबागुत बहुतेक वेळा 'आइबिकि' असतो, म्हणजे गाय आणि डुक्कर यांचा एकत्र खिमा. त्यामुळे विचारल्याशिवाय मागवू नका. ऑफिसमागच्या हॉटेलातल्या काकूंना माझ्या मोडक्या जपानीत अडचण सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात मला बोलावून कोंबडीच्या खिम्यात तोफू मळून केलेलं हांबागु समोर ठेवलं. वर ओरोशी, म्हणजे मुळ्याचा पांढराशुभ्र कीस, खाली शिसो या जपानी वनस्पतीचं सुवासिक पान आणि पोन्झु, लिंबाच्या जातीच्या फळांचा रस घातलेला आंबट सोया सॉस. घरी आई मुळ्याची कोशिंबीर करायची तेव्हा मी नाक मुरडायचो. त्या दुपारी मुळ्याचा कीस दुसऱ्यांदा मागून घेतला. काकू आता फळ्यावर 'तोरि हांबागु' लिहितात, तोरि म्हणजे कोंबडी.

*

आम्ही हामामात्सुत. शिझुओका प्रांतात राहून 'सावायाका' या हांबागुच्या हॉटेलांबद्दल न लिहिणं शक्यच नाही. ही दुकानं फक्त याच प्रांतात आहेत आणि सुट्टीच्या दिवशी नंबरासाठी तासन्‌तास थांबावं लागतं. त्यांचं 'गेन्कोत्सु' म्हणजे २५० ग्रॅमचा निव्वळ बीफचा गोळा. ताई टेबलापाशी येऊन तो मधोमध कापतात, कापलेली बाजू तापल्या थाळीवर दाबतात, वरून कांद्याचा सॉस ओततात. तेल उडतं म्हणून आपण समोरचा कागद दोन्ही हातांनी धरून बसायचं. माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा कागदाआडून थाळीचा आवाज ऐकून 'आई, पाऊस!' म्हणाली. अजून आम्ही घरात त्याला पाऊसच म्हणतो.

*

मी मूळचा मडगावचा, आता कोबेत. हांबागुचा पहिला घास घेतला आणि घरचं बीफ कटलेट आठवलं, फक्त रव्याचं कुरकुरीत आवरण नाही आणि मिरची नाही. इथे मागवल्यावर विचारतात, 'राइस का पान?' पान म्हणजे ब्रेड. जपानी 'पान' आणि आपला 'पाव' दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. मी दर वेळी पानच घेतो आणि उरलेला सॉस त्यानं पुसून खातो. शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबाही तसंच करतात. आमचं बोलणं फारसं होत नाही.

*

पुण्याला परतून तीन वर्षं झाली. ज्यांना इथे करायचं आहे त्यांच्यासाठी: मटणाचा आणि कोंबडीचा खिमा निम्मा-निम्मा घ्या. कांदा बारीक चिरून परता आणि पूर्ण गार होऊ द्या, गरम घातलात तर चरबी वितळते. ब्रेडचा चुरा दुधात भिजवून, एक अंडं, मीठ, मिरी आणि जायफळ. जायफळ विसरू नका, त्याच्याशिवाय ती चव येतच नाही. आपल्या खिमा पॅटिसात पावाचा तुकडा भिजवून घालतात ना, तीच युक्ती. मीठ घालून खिमा चिकट होईपर्यंत मळा. वड्या भाजून काढून घेतल्यावर त्याच पॅनमध्ये केचप आणि वुस्टर सॉस घालून उकळी आणा, जपानी घरांत रोजचा सॉस असाच होतो. आमच्याकडे आजेसासूबाईंनी तो भातावर घालून खाल्ला आणि आणखी मागितला.

*

धागाकर्ती : कोंबडीचं हांबागु मागता येईल हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या सासूबाई पुढच्या महिन्यात येताहेत, त्याही बीफ खात नाहीत. आज आजोबांना विचारून आले. ते म्हणाले, आदल्या दिवशी सांगा, खिमा वेगळा आणून ठेवतो. बुधवारी बंद असतं आणि दुपारी दोननंतर तवा थंड, तेवढं लक्षात ठेवायचं.